माणूस, पाप आणि विवेक: कॅथलिक शिकवणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. ते शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. आधी पायाचे, मग पेचाचे. एक गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे कंसात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘कॅटेकिझम’ म्हणजे ख्रिस्तसभेने (कॅथलिक चर्चने) १९९२ साली प्रसिद्ध केलेला अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथ.

१. कॅथलिक नीतिशिकवण म्हणजे दहा आज्ञा आणि त्यांच्याखाली ‘हे करू नका’ची लांबलचक यादी, एवढंच ना?

यादी आहे, पण ती उशिरा येते. कॅटेकिझमचा तिसरा भाग नैतिक जीवनावर आहे. तो परिच्छेद १६९१ पासून सुरू होतो आणि दहा आज्ञा यायला परिच्छेद २०५२ उजाडतो. मधल्या साडेतीनशेहून जास्त परिच्छेदांत माणूस कोण, त्याचं खरं सुख कशात, स्वातंत्र्य, विवेक, सद्गुण, पाप आणि कृपा यांचा विचार आहे. हा क्रम जुनाच. तेराव्या शतकात धर्मज्ञ थॉमस अक्वायनस यांनीही नीतीची चर्चा आज्ञांपासून नव्हे, तर माणसाच्या अंतिम सुखापासून सुरू केली.

देवाने मनाला येईल तसे नियम केले आणि ते मोडले म्हणून तो रागावतो, अशी ही मांडणी नाही. जे माणसाला माणूस म्हणून मोडतं ते वाईट, आणि म्हणून त्याविरुद्ध आज्ञा. हा क्रम उलटा धरला की प्रत्येक नियम मनमानी वाटू लागतो. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी त्यातूनच निघतात, असं आमचं मत आहे.

२. ‘देवाच्या प्रतिरूपात’ म्हणजे देवाला आपल्यासारखे हातपाय आहेत का?

नाही. उत्पत्ती १:२६-२७ मधलं प्रतिरूप चेहऱ्याचं नाही. सत्य ओळखणारी बुद्धी, निवड करणारी इच्छाशक्ती आणि देवाशी व माणसाशी नातं जोडण्याची ताकद, असा त्याचा अर्थ लावला जातो.

यावर लगेच विचारलं जातं की ज्याची बुद्धी चालत नाही, त्याचं काय? गर्भातलं मूल, स्मृती गेलेली म्हातारी व्यक्ती, बेशुद्ध रुग्ण? शिकवण अशी की प्रतिरूप असणं ही माणसाची कामगिरी नाही, ते त्याचं असणंच आहे. २०२४ साली व्हॅटिकनने मानवी प्रतिष्ठेवर ‘दिग्नितास इन्फिनिता’ हा दस्तऐवज काढला. त्यात प्रतिष्ठेचे चार अर्थ वेगळे केले आहेत: अस्तित्वातून येणारी, नैतिक, सामाजिक आणि जगण्याच्या परिस्थितीशी जोडलेली. वाईट वागून माणूस नैतिक प्रतिष्ठा घालवू शकतो. अस्तित्वातून आलेली प्रतिष्ठा मात्र त्याला स्वतःलाही घालवता येत नाही. याचा सगळ्यात अवघड परिणाम प्रश्न १४ मध्ये दिसेल.

३. आत्मा खरा आणि शरीर नुसतं कवच. मग तुम्ही पुनर्जन्म का मानत नाही?

कारण पहिलं वाक्यच कॅथलिक शिकवणीला मान्य नाही. १३१२ साली व्हिएन इथल्या बिशपांच्या परिषदेने सांगितलं की आत्मा हा शरीराचं ‘रूप’ आहे, म्हणजे हे शरीर जिवंत मानवी शरीर आहे ते आत्म्यामुळेच. दोन वेगळ्या वस्तू एकत्र ठेवल्या आहेत असं नाही. दोन्ही मिळून एकच स्वभाव, एकच माणूस. आत्मा अमर आहे, तो मृत्यूनंतर उरतो. पण शरीराविना तो अपुरा असतो, म्हणूनच श्रद्धेच्या अंगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या जाहीर कबुलीत, शरीराच्या पुनरुत्थानाचा उल्लेख आहे.

माझा आत्मा माझ्या शरीराशी इतका बांधलेला असेल, तर तो दुसऱ्या शरीरात जाऊन ‘मीच’ राहील हे जुळत नाही. माणसाला एकदाच मरायचं आहे, असं इब्रीकरांस पत्र ९:२७ मध्ये येतं. नीतीच्या बाजूने याचा अर्थ असा की शरीराशी केलेलं ते माणसाशीच केलेलं असतं. मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा उपाशी ठेवणं ‘फक्त शरीराला’ लागत नाही.

४. उत्क्रांती खरी मानली तर आदाम-हव्वा गेले ना?

मानवी शरीर आधीच्या सजीवांतून विकसित झालं का, याचा अभ्यास करायला पोप बारावे पायस यांनी १९५० सालीच मोकळीक दिली. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले की उत्क्रांतीचा सिद्धांत आता केवळ गृहीतक राहिलेला नाही. दोघांनीही एक गोष्ट सोडली नाही: प्रत्येकाचा आत्मा देव थेट निर्माण करतो, तो जडातून उगवत नाही.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाची भाषा प्रतीकात्मक आहे, पण मानवी इतिहासाच्या सुरुवातीला खरोखर काहीतरी बिघडलं, असं कॅटेकिझम म्हणतो. सगळी माणसं एकाच जोडप्यापासून आली नसतील, तर मूळ पापाचा मेळ कसा घालायचा? हा मेळ कसा लागेल ते दिसत नाही, असं बारावे पायस यांनी लिहिलं होतं. त्यावर धर्मज्ञांची चर्चा अजून चालू आहे.

५. पाप आदामाचं आणि भोग माझे. यात न्याय कुठे?

रास्त प्रश्न. ‘मूळ पाप’ ही आपण केलेली गोष्ट असती तर यात न्याय नसताच. पण ट्रेंट परिषदेने १५४६ साली जे मांडलं आणि कॅटेकिझमने स्पष्ट केलं, त्याप्रमाणे मूळ पाप हे केलेलं पाप नसून लाभलेली अवस्था आहे. कोणाही बाळाच्या माथी वैयक्तिक दोष नाही. बापाने सगळी इस्टेट उडवली तर पोराला कोणी गुन्हेगार म्हणत नाही, तरी त्याच्या वाट्याला रिकामं घरच येतं. पहिल्या माणसांना देवाशी जी सहज जवळीक मिळाली होती, ती आपल्याला जन्मतः मिळत नाही. कमतरता ती आहे.

मूळ पापाने माणूस आतून पूर्ण सडला असं कॅथलिक शिकवण म्हणत नाही. स्वभाव जखमी आहे: बुद्धी धूसर, इच्छा दुबळी, वासना सैरभैर, मृत्यू अटळ. पण चांगलं ओळखण्याची आणि निवडण्याची ताकद शिल्लक आहे. पाचव्या शतकात पेलागियस म्हणत होता की माणूस देवाच्या कृपेवाचून स्वबळावर चांगला होऊ शकतो. बिशप आणि धर्मज्ञ ऑगस्टिन त्याच्याविरुद्ध उभे राहिले आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने ते मत नाकारलं. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांचा कल दुसऱ्या टोकाला होता. ख्रिस्तसभा या दोन्हींच्या मधे उभी आहे. ‘लोक मुळात चांगलेच असतात’ आणि ‘लोक मुळात वाईटच असतात’ ही दोन्ही वाक्यं घाईची आहेत. समाज, कायदा किंवा शाळा चालवणाऱ्याने या जखमेचं भान सोडलं, तर गंभीर चुका होतात असा इशारा कॅटेकिझम देतो.

६. बाप्तिस्मा झाला, नेमाने पापनिवेदन करते, तरी नको ते विचार येतात. विचार येणं हेच पाप आहे का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणारे बहुधा फार काळजी करणारे असतात.

बाप्तिस्म्याने मूळ पाप पुसलं जातं, पण वाईटाकडे झुकण्याची ओढ उरते. बाप्तिस्मा झालेल्या माणसातली ही ओढ स्वतः पाप नाही, असं ट्रेंट परिषदेने स्पष्ट ठरवलं. संत पौल तिला कधी कधी पाप म्हणतात, ते ती पापातून येते आणि पापाकडे नेते म्हणून. मनात विचार येणं ही एक गोष्ट, तो आवडणं दुसरी, आणि जाणूनबुजून त्याला ‘हो’ म्हणून तो घोळवत बसणं तिसरी. पाप तिसऱ्या पायरीला होतं. राग, मत्सर, आकर्षण या भावना स्वतः ना पुण्य ना पाप.

‘संमती दिली की नाही, तेच कळत नाही’ असं दिवसभर वाटत असेल, तर त्या आजाराला शंकाकुलता म्हणतात. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना १५२२-२३ च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसामध्ये याने इतकं ग्रासलं की त्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आले. यावर जुना आणि चालणारा उपाय असा: एकच धर्मगुरू धरा, तो सांगेल ते ऐका, आणि निवेदन केलेलं पाप पुन्हा पुन्हा सांगू नका. हात सतत धुणं किंवा प्रार्थना पुन्हा पुन्हा मोजणं अशी लक्षणंही असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्याने श्रद्धा कमी ठरत नाही.

७. बाप्तिस्म्याआधीच आमचं बाळ गेलं. ते कुठे असेल?

कॅटेकिझम त्याला देवाच्या दयेवर सोपवतो आणि येशूचे ‘बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या’ हे शब्द आठवतो. अशा बाळांसाठी ‘लिंबो’ नावाची वेगळी अवस्था असते, हे मत शतकानुशतकं शिकवलं गेलं, पण ते श्रद्धासिद्धांत म्हणून कधीच घोषित झालं नाही. २००७ साली आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने सविस्तर अभ्यास करून सांगितलं की या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. आयोगाने ‘खात्री’ हा शब्द टाळला आणि ‘आशा’ म्हटलं. अंत्यविधी ख्रिस्तसभेत होऊ शकतो.

८. हेतू चांगला असेल तर पाप लागत नाही ना?

लागू शकतं. कृत्य तीन गोष्टींवरून जोखलं जातं: प्रत्यक्ष काय केलं, कशासाठी केलं आणि कोणत्या परिस्थितीत केलं. कृत्य चांगलं ठरायला तिन्ही ठीक असावे लागतात. दान चांगलं, पण लोकांनी पाहावं म्हणून दिलं तर हेतूने ते नासलं. उलट, निरपराध माणसाला खोट्या आरोपात अडकवून शहरातली दंगल थांबत असेल, तरी ते अडकवणं चांगलं होत नाही. काही कृत्यं कोणत्याही हेतूने योग्य ठरत नाहीत, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९३ च्या ‘वेरितातिस स्प्लेंदोर’ या परिपत्रात ठासून सांगितलं, कारण तेव्हा काही कॅथलिक धर्मज्ञ फक्त परिणामांची बेरीज-वजाबाकी करून नीती ठरवू लागले होते.

परिस्थितीने दोष कमी-जास्त होतो. मुळात वाईट असलेलं कृत्य त्यामुळे चांगलं होत नाही.

९. ‘मारक’ पाप कोणतं आणि ‘क्षम्य’ कोणतं? व्यसनामुळे होणारं पाप कशात धरायचं?

मारक पाप देवाशी असलेलं नातं तोडतं, क्षम्य पाप ते दुखावतं पण तोडत नाही. मारक पापाला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी हव्यात: बाब गंभीर असावी, ती गंभीर आहे हे पुरतं माहीत असावं, आणि संमती मोकळेपणाने दिलेली असावी. एक जरी कमी पडली तरी पाप मारक ठरत नाही. हा फरक १ योहान ५:१६-१७ वर उभा आहे.

पुष्कळ लोक पहिल्याच अटीशी थांबतात. गंभीर कृत्यांची यादी पाठ करतात आणि मग स्वतःवर (जास्त वेळा शेजाऱ्यावर) शिक्का मारतात. पण कृत्य किती गंभीर आणि माणूस किती दोषी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कॅटेकिझमच्या परिच्छेद १७३५ मध्ये जबाबदारी कमी करणारी, कधी पूर्ण नाहीशी करणारी कारणं दिली आहेत: अज्ञान, अनवधान, जबरदस्ती, भीती, सवय, अनावर ओढ आणि इतर मानसिक किंवा सामाजिक घटक. परिच्छेद १८६१ म्हणतो की कृत्य गंभीर आहे असं आपण म्हणू शकतो, पण माणसाचा न्याय देवावर सोपवावा.

म्हणून व्यसनी माणसाचं प्रत्येक घसरणं मारक पाप असतंच असं नाही. पण उपचार घ्यायची संधी असताना ती टाळणं, किंवा जिथे आपण हमखास घसरतो तिथेच मुद्दाम जाणं, याची जबाबदारी उरते. संमती होती की नाही याबद्दल खरी शंका असेल तर तेही पापनिवेदनात तसंच सांगावं.

१०. माझा विवेक मला वेगळं सांगतो. चर्चचं ऐकू की स्वतःचं?

विवेकाचा निर्णय पक्का असेल तर तो पाळलाच पाहिजे. हे कॅटेकिझमचंच म्हणणं आहे, कोणा बंडखोराचं नव्हे. थॉमस अक्वायनस यांनी तर धक्कादायक उदाहरण दिलं: ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणं वाईट आहे असं एखाद्याला चुकून मनापासून वाटत असेल, तर तसं वाटत असताना श्रद्धा ठेवणं त्याच्यासाठी वाईट ठरेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली विवेकाला माणसाचं अंतरंगातलं देवघर म्हटलं.

पण तिथेच पुढे असंही आहे की जो सत्य शोधायची तसदीच घेत नाही, किंवा पापाच्या सवयीने ज्याचा विवेक आंधळा झाला आहे, त्याची चूक निर्दोष नाही. विवेक नियम बनवत नाही, तो नियम ओळखतो, आणि ओळखण्यात चुकू शकतो. ‘माझा विवेक सांगतो’ असं म्हणण्याआधी शिकवण नीट वाचली का, तिची कारणं समजून घेतली का, आणि निघालेला निष्कर्ष नेमका सोयीचाच का आहे, एवढं स्वतःला विचारावं. १९६८ च्या ‘ह्युमाने विते’ या परिपत्रातली गर्भनिरोधनाविषयीची शिकवण वाचताना अनेकांचं इथेच अडतं. त्यांना आमचं उत्तर हेच: मूळ परिपत्र वाचा, ते लहान आहे.

११. बायबल न वाचलेल्यांना बरं-वाईट कसं कळणार? नास्तिक नीतिमान असू शकतो का?

असू शकतो. रोमकरांस पत्र २:१४-१५ म्हणतं की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही, त्यांच्याही अंतःकरणावर नियमाचं कार्य लिहिलेलं असतं. यालाच नैसर्गिक नियम म्हणतात. तो बुद्धीला कळतो, म्हणून सगळ्यांचा आहे. पण जखमी बुद्धीला (प्रश्न ५) तो नेहमी स्वच्छ दिसत नाही, म्हणून प्रकटीकरणाची, म्हणजे देवाने स्वतः उघड केलेल्या सत्याची, मदत. आपला दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे विवेकाप्रमाणे जगतात, त्यांचंही तारण होऊ शकतं, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सांगितलं. ‘नैसर्गिक’ म्हणजे प्राण्यांत आढळणारं असा अर्थ मात्र काढू नका. इथे माणसाच्या विवेकी स्वभावाला धरून असलेलं, एवढाच अर्थ आहे.

१२. स्वतःचा जीव वाचवताना समोरचा मेला तर? आणि वेदना थांबवणाऱ्या औषधाने रुग्ण लवकर गेला तर?

दोन्हींना एकच विचार लागू होतो: एका कृत्याचे दोन परिणाम. अक्वायनस यांनी तो स्वसंरक्षणाच्या संदर्भात मांडला. कृत्य मुळात वाईट नसावं, हेतू चांगल्या परिणामाचा असावा, चांगला परिणाम वाईटातून मिळवलेला नसावा, आणि वाईट पत्करण्याइतकं सबळ कारण असावं. म्हणून गरजेपुरतं बळ वापरून स्वतःला वाचवणं योग्य. निमित्त साधून सूड घेणं अयोग्य. दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याच्यासाठी बचाव हे कर्तव्यही असू शकतं.

१९५७ साली बारावे पायस यांनी डॉक्टरांना सांगितलं की दुसरा उपाय नसेल तर आयुष्य थोडं कमी होण्याचा धोका पत्करूनही वेदनाशामक देता येतं. रुग्ण मरावा म्हणून तेच औषध जास्त देणं मात्र हत्या. निष्फळ किंवा असह्य ओझ्याचे उपचार थांबवणंही हत्या नाही. मृत्यू घडवून आणलेला नसतो, तो आपण अडवू शकत नाही हे स्वीकारलेलं असतं. गर्भवतीच्या कर्करोगग्रस्त गर्भाशयावरची शस्त्रक्रिया याच विचाराने योग्य मानली जाते, तर थेट गर्भपात नाही.

१३. आत्महत्या केलेला माणूस नरकातच जातो का?

असं ख्रिस्तसभा म्हणत नाही. कृत्य गंभीर आहेच. पण तीव्र मानसिक विकार, घोर यातना किंवा भीती यांनी जबाबदारी कमी होते, हे कॅटेकिझममध्ये थेट लिहिलं आहे (मागचा तर्क प्रश्न ९ मध्ये). फक्त देवालाच ठाऊक असलेल्या मार्गाने अशा माणसाला पश्चात्तापाची संधी मिळू शकते, म्हणून आशा सोडू नये आणि प्रार्थना करावी. १९१७ च्या धर्मविधीसंहितेत (ख्रिस्तसभेच्या कायद्यांच्या संहितेत) जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेत ते कलम राहिलं नाही. घरच्यांना अजून कोणी जुना नियम ऐकवत असेल, तर तो आज लागू नाही.

वाचणाऱ्याच्या स्वतःच्या मनात असे विचार येत असतील, तर आजच विश्वासाच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा.

१४. आधी मृत्युदंड चालत होता, आता चालत नाही. म्हणजे शिकवण बदलते ना?

१९९२ च्या कॅटेकिझमने मृत्युदंड पूर्ण नाकारला नव्हता. १९९७ च्या आवृत्तीत तो आज जवळजवळ कधीच गरजेचा नसतो असं आलं. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी परिच्छेद २२६७ बदलून तो अस्वीकार्य ठरवला. कारण दिलं ते माणसाच्या न गमावल्या जाणाऱ्या प्रतिष्ठेचं (प्रश्न २). व्हॅटिकन नगरराज्याच्या स्वतःच्या कायद्यातही १९६९ पर्यंत ही शिक्षा होती.

व्हॅटिकनच्या मते हा विरोध नसून शिकवणीचा विकास आहे: समाजाचं रक्षण हे तत्त्व तेच, पण आज ते कैदेने साधतं आणि गुन्हेगाराच्या प्रतिष्ठेची जाण वाढली आहे. काही कॅथलिक विद्वानांना हे पटलेलं नाही, आणि त्यांचे आक्षेप किरकोळ नाहीत. आम्हाला विकासाची बाजू जास्त पटते.

१५. उपाशी माणसाने भाकरी उचलली तर चोरी?

जीव जगवायला दुसरा मार्ग नसेल तर नाही. सृष्टीतली संपत्ती मुळात सगळ्यांसाठी आहे, खासगी मालकी त्यानंतर येते. म्हणून टोकाच्या गरजेत अन्न, निवारा, वस्त्र घेणं ही चोरीच ठरत नाही (कॅटेकिझम, परिच्छेद २४०८). हा नियमाला अपवाद समजू नये. प्रश्न ८ मधली पहिली गोष्ट, म्हणजे प्रत्यक्ष काय केलं, तीच इथे वेगळी आहे.

१६. घरात लपलेल्या निरपराध माणसाला मारायला लोक आले आणि ‘तो आहे का?’ विचारलं. तरी खोटं बोलायचं नाही?

ऑगस्टिन यांचं उत्तर कडक आहे: नाही. ते थागास्तेच्या फर्मस नावाच्या बिशपांची हकिगत सांगतात. सम्राटाचे शिपाई लपवलेल्या माणसाला शोधत आले तेव्हा फर्मस म्हणाले, मी खोटंही बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही. त्यांनी छळ सोसला, पण शब्द मोडला नाही. अक्वायनसही खोटं कधीच योग्य मानत नाहीत.

पण सत्य जाणून घेण्याचा हक्क सगळ्यांना सारखा नसतो. ज्याला जाणून घ्यायचा अधिकार नाही त्याला सांगायला कोणी बांधील नाही. गप्प राहता येतं, विषय टाळता येतो, दोन अर्थांचं बोलता येतं. पण मनातल्या मनात शब्द जोडून ऐकणाऱ्याला कधीच न कळेल असा अर्थ लावण्याची युक्ती पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली फेटाळली.

यातला सगळ्यात रंजक भाग कॅटेकिझमच्याच परिच्छेद २४८३ मध्ये आहे. १९९२ च्या आवृत्तीत, सत्य जाणण्याचा हक्क असलेल्याला फसवणं म्हणजे खोटं, अशी व्याख्या होती. तिच्या आधाराने मारेकऱ्याला चकवणं खोटं ठरलं नसतं. १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत हक्काविषयीचे शब्द काढले गेले, म्हणजे ऑगस्टिन यांचीच बाजू पुन्हा वर आली. वाद मात्र मिटला नाही. मारेकऱ्याला दिलेलं उत्तर मुळात ‘खोटं’ या प्रकारात बसतं का, असं विचारणारे कॅथलिक तत्त्वज्ञ आजही आहेत. कडक बाजू धरली तरी खोटं स्वतः क्षम्य पाप असतं. न्यायाला आणि प्रेमाला गंभीर इजा करतं तेव्हाच ते मारक होतं. दारात शस्त्रं घेऊन लोक उभे असताना भीतीने बोललेल्या शब्दाचा दोष किती धरायचा, याचं उत्तर प्रश्न ९ मध्ये आहे.